पाण्यातली हाक

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या एका लहानशा बंदरावर इंग्रिड नावाच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. माझे ओठ निळे पडलेले होते, तिकडं राहणारी माझी मुलगी शेजारी उभी राहून दुभाष्याचं काम करत होती आणि सगळ्यांनाच कपडे बदलायची घाई होती. प्रश्न साधा होता. त्या समुद्रात पहिल्यांदा उतरणारा माणूस छातीला पाणी लागलं की हापकतो. श्वास आत ओढतो, पुन्हा ओढतो, बाहेर सोडायचं त्याला सुचतच नाही, आणि तिथूनच घाबरून मागं फिरतो. रोज तिथं पोहणाऱ्या बायकांनी असे पुष्कळ पाहुणे पाहिलेले. मी हापकले नाही. छातीला पाणी लागताच मी एक लांबलचक आरोळी ठोकली आणि सरळ पोहायला लागले. हे कुठं शिकलात, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, "पालीच्या तळ्यात, मेंढरं धुताना." मुलीनं त्याचं भाषांतर काय केलं कोण जाणे, बाया बराच वेळ हसत होत्या. तर ते उत्तर मी आता बीडला परत आल्यावर, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या दुपारच्या वेळात, सावकाश लिहून काढते आहे.

आमची वस्ती बिंदुसरेच्या धरणाच्या मागच्या अंगाला, पालीहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर होती. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा आणि सोप्याला लागूनच मेंढरांचा वाडा. खरं तर मेंढरं तिथं राहायची आणि त्यांना चिकटून आम्ही राहायचो असं म्हणणं जास्त बरोबर होईल. आप्पा म्हणजे माझे वडील, माय, आप्पांचे धाकटे भाऊ नाना, नानांची बायको म्हणजे काकू आणि त्यांचा रामा, जो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा होता. चुली दोन, पण मेंढरांचं खांड एकच. आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा ठिपका असायचा, नानांच्या मेंढरांच्या पाठीवर निळीचा. ठिपके आम्हा माणसांसाठी, मेंढरांना त्यांची गरज नव्हती. ती हाकेवर ओळखायची. आप्पांची हाक जाड, घशातून निघणारी. नानांची बारीक, शेवटी वर जाणारी. मायची वेगळी, काकूची वेगळी. सकाळी चौघांनी चार बाजूंना उभं राहून हाका सोडल्या की एवढं मोठं खांड दह्यासारखं फुटायचं आणि ज्याचं त्याच्याकडं जायचं. पाहुणे आले की आप्पा हा खेळ मुद्दाम करून दाखवायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं हिच्यामुळंच घोटाळा झाला.

मेंढरं गरीब आणि मुकी असतात असं ज्याला वाटतं त्यानं त्यांच्या शेजारी झोपून बघावं. ती खोकतात, शिंकतात, दात खातात, आणि सकाळी कोकरं सोडली की असा कल्ला होतो की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात ते त्यामुळंच. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभर वाटत होतं की माझ्या माहेरी सारखी भांडणं चालतात. त्या कल्ल्यातच माय चूल पेटवायची. मेंढीच्या दुधाचा चहा इतका दाट व्हायचा की कपाला साय चिकटून बसे. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून, भरडून, त्या पिठाला लसणाची फोडणी आणि गुळाचा खडा घालून केलेली ही पेज आम्ही वाटीनं नाही, तांब्यानं प्यायचो. मी आता दुकानात जनावरांची औषधं विकते, माणसांच्या औषधांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण गारठलेल्या माणसाला माडग्याइतकं झटपट उभं करणारं दुसरं काही मी अजून पाहिलेलं नाही.

आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठा दिवस कोणता असेल तर तो धुण्याचा. संक्रांत झाली की महिनाभरात लोकर कातरायची असते, आणि कातरण्याआधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर काटे, माती आणि लेंड्या यांनी भरलेली लोकर घोंगड्या विणणारे हातात धरत नाहीत. धुवायची जागा ठरलेली होती. धरणाच्या पाण्याचा एक फाटा आमच्या बाजूला आत शिरला होता. अलीकडं चिखलाचा काठ, पलीकडं मुरमाड टेकाड. अलीकडच्या काठाला बाया आणि पोरी कंबरभर पाण्यात उभ्या राहून एकेक मेंढरू हातानं चोळायच्या. मग ते सगळं धुतलेलं खांड पोहत पलीकडं न्यायचं. पोहताना उरलीसुरली घाण सुटायची, आणि पलीकडं मुरमावर उन्हात वाळायला ठेवलं की लोकर पुन्हा चिखलात बरबटायची नाही. संध्याकाळी बांधावरून वळसा घालून कोरडी मेंढरं घरी. दोन बाजूंच्या मध्ये पाणी एखाद्या लांब शेताएवढं होतं आणि मध्यावर बरंच खोल.

मेंढरू आपण होऊन पाण्यात जात नाही. त्याच्या पुढं कुणीतरी पोहावं लागतं. त्याला आमच्यात 'पुढं होणं' म्हणायचे. पुढं होणाऱ्यानं हाक सोडत पोहायचं, त्याच्या मागं पुढारी, आणि पुढाऱ्याच्या मागं खांड. पुढारी हा आमचा एडका, वळलेल्या शिंगांचा, गळ्यात घाटी म्हणजे मोठी घंटा बांधलेला. नाव नानांनी ठेवलेलं. मागं कोण येतंय हे न बघता चालत राहतो म्हणून पुढारी, असं ते म्हणायचे, आणि गावातले खरे पुढारी ऐकत असले तर जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचे. पुढं होण्याचा एकच नियम होता. मागं वळून बघायचं नाही. पुढचा वळला की पुढाऱ्याला वाटतं परत जायचंय, तो वळतो, आणि पाण्यात थांबलेलं खांड म्हणजे बुडालेलं खांड. लोकरीत हवा असते तोवर मेंढरू मजेत तरंगतं. पण लोकर एकदा पाणी प्यायला लागली की तेच मेंढरू दगडासारखं जड होतं. तेवढ्या अवधीत पलीकडचा काठ गाठायचा असतो.

हे काम आप्पांचं होतं. मी दरवर्षी कंबरभर पाण्यात उभी राहून बघायचे. आप्पा धोतराचा काचा मारून शिरायचे आणि छातीला पाणी लागलं की हाक सोडायचे, "हूऽऽऽ र्रऽऽ." ती हाक फाट्यावरून पलीकडच्या टेकाडावर जाऊन आपटायची आणि परत यायची. मग पाण्यावर नुसती डोकीच डोकी, कान आडवे पडलेले, नाकांतून फुसफुस, आणि मागं पाण्याची एक लांब पिवळट रेघ. मला दुसरं काहीच दिसायचं नाही. हातातलं मेंढरू सुटून जायचं आणि माय ओरडायची. एकदा मी आप्पांना विचारलं होतं की गार पाण्यात दम लागत नाही का. ते म्हणाले, "गार पानी मानसाला म्हंतंय, दम आत वड. त्याचं ऐकायचं न्हाई. तोंड मिटायचं न्हाई, हाक सोडायची. मेंढराला कळतं तू हायस, अन् तुला कळतं तुझा जीव हाय." यापेक्षा नीट मला नंतर कुणी समजावलं नाही, इंग्रिडबाईंनीही नाही, आणि त्यांनी तर पाठीच्या कण्यापासून फुप्फुसांपर्यंत सगळं सांगितलं.

पोहायला मला पुढाऱ्यानंच शिकवलं. उन्हाळ्यात मेंढरं पाण्यावर न्यायचं काम माझ्याकडं असायचं. पुढारी पाण्यात शिरला की मी त्याच्या पाठीवरची लोकर मुठीत धरायचे आणि पाय सोडून द्यायचे. तो न्यायचा. मग एक मूठ सोडली, मग दुसरी, आणि एक दिवस लक्षात आलं की तो उजवीकडं गेलाय आणि मी डावीकडं, आणि तरी मी वरच आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही. रामानं तेवढं मला पाहिलं होतं, तेही मी पुढाऱ्याला धरून होते तेव्हा.

मी आठवीत असताना, लिंबाचा पाला तोडायला चढलेले आप्पा फांदी मोडून खाली आले आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात. धुणं तोंडावर आलेलं, कातरणारे बोलावून ठेवलेले. जेवताना नानांनी विषय काढला.

"मग औंदा पुढं कोन?"

"रामा हाय की," काकू म्हणाली. "घोड्यावानी वाढलाय नुसता."

"मी होते," मी म्हटलं.

रामाला ठसका लागला. "तू कुठं पवतीस गं? तुला एडका वढून नेतोय."

"मग तूबी त्यालाच सांग वढायला. तुजं वजन जास्त हाय, त्याला कळंल तरी काम केल्यावानी."

नाना हसले. माय म्हणाली, "मंगे, भाकर खा."

मी आप्पांकडं बघितलं. ते डाव्या हातानं भाकरी मोडायचा प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं म्हणून चिडलेले होते. "बाईमानसानं कंबरंच्या वर पान्यात जायाचं न्हाई," ते म्हणाले. "लुगडं वलं झालं की पायात गुततंय. मानूस हातपाय मारतंय अन् लुगडं खाली वढतंय. म्या बघितलंय."

"मी कुठं लुगडं नेसते?"

"नेसशील की पुढं."

"मग पुढचं पुढं बघू," मी म्हटलं, आणि तोंडात भाकरी असल्यामुळं वाक्य तेवढ्यावर राहिलं. रामा पुढं होणार हे ठरलं. मला राग आला होता, पण रडले वगैरे नाही. मी फक्त ठरवून टाकलं की परकराचा काचा कसा मारायचा ते शिकून ठेवायचं. दोन दुपारी वाड्यामागं जाऊन मी ते शिकले. परकर मधून मागं घ्यायचा, ओचा घट्ट खोचायचा आणि वरून ओढणीनं करकचून बांधायचं. उड्या मारून बघितल्या, सुटला नाही.

धुण्याच्या दिवशी असं उत्तरेचं वारं सुटलं होतं की तळ्यावर शहारे उठावेत तशा बारीक लाटा उठत होत्या. (परदेशात मी समुद्र पाहिला तेव्हा खरं काय ते कळलं. तिथल्या मानानं पालीचं पाणी म्हणजे आंघोळीचं. पण पाणी कसंही असो, ओल्या अंगावर असं वारं लागलं की मराठवाडा काय आणि नॉर्वे काय, दात सारखेच वाजतात.) आम्ही सूर्य वर आल्याबरोबर सुरुवात केली. कंबरेपर्यंत पाण्यात उभं राहायचं, मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचं, पाठीपासून पोटापर्यंत चोळत जायचं. पहिल्या चार मेंढरांना बोटं दुखतात, मग बोटं आहेत हेच कळत नाही. लोकरीचं तेल सुटतं आणि हात मऊ, चिकट होतात. तो वास दोन दिवस जात नाही. इंग्रिडबाईंनी मला मानेला आणि काखेत लावायला एक डबी दिली होती, पोहताना कातडं घासू नये म्हणून. मी झाकण उघडलं आणि हसायलाच लागले. लोकरीचंच तेल ते, गाळून शुद्ध केलेलं. आमच्या धुण्याचा दिवस त्या डबीत बसवलेला होता.

सगळी मेंढरं चोळून झाली. नानांनी मागून रेटा द्यायला कुत्री सोडली. रामा पाण्यात शिरला, मागं पुढारी, मागं खांड. छातीला पाणी लागल्यावर त्यानं हाक सोडली, पण ती आखूड निघाली, मध्येच तुटलेली. मी तिथूनच ओळखलं की याचा श्वास आत चाललाय. तरी तो गेला. हातांत त्याच्या जोर होता. खांड त्याच्या मागं पसरत गेलं, शेवटची मेंढरं काठ सोडून पोहायला लागली, आणि नेमका मध्यावर रामा थांबला. त्याचं डोकं खाली गेलं, वर आलं. आणि तो वळला. आज रामाचं बीडला गाड्या दुरुस्त करायचं दुकान आहे आणि हे वाचून तो मला नक्की फोन करील, म्हणून त्याची बाजूही सांगून टाकते. त्याच्या पिंढरीत गोळा आला होता. मला त्यावर काही म्हणायचं नाही. तो वळला आणि आमच्या काठाकडं जमेल तसा यायला लागला, एवढं खरं.

पुढारी वळला. त्याच्या मागची वळली, त्यांच्या मागची पुढंच येत होती, ती त्यांच्यावर चढली, आणि बघता बघता सगळं खांड तळ्याच्या मधोमध गोल फिरायला लागलं. जात्यासारखं, सावकाश. आणि मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे आमच्यासारखी माणसंच करतील. प्रत्येकानं आपापली हाक मारली. नानांनी त्यांची बारीक हाक मारली, काकूनं तिची, मायनं तिची, धावत आलेल्या शेजारच्या वस्तीवरच्यांनीही. ज्या हाकांचा आम्हाला एवढा अभिमान होता त्या सगळ्या एकदम पाण्यावर गेल्या. निळीचे ठिपके एकीकडं तोंड करायचे, गेरूचे दुसरीकडं, एकमेकांना धडकायचे आणि पुन्हा गोल. मेंढरांच्या पाठी आधी पाण्याच्या वर होत्या. त्या आता दिसेनाशा होत चालल्या. लोकर पाणी प्यायला लागली होती. आमच्या घरात जे काही होतं, माझ्या शाळेच्या दप्तरापासून मायच्या कानांतल्या फुलांपर्यंत, ते त्या पाठींवरून आलेलं होतं.

मी कंबरभर पाण्यातच होते. ओचा खोचलेला होता. मी पुढं पाय टाकला, दुसरा टाकला, आणि तळ संपला.

गार पाणी म्हणालं, दम आत ओढ. मी तोंड उघडलं आणि हाक सोडली. माझी म्हणून तोवर हाक नव्हती. पोरींना कोण हाक ठरवून देणार? मी आप्पांची सोडली, "हूऽऽऽ र्रऽऽ", पण माझ्या पातळ आवाजात ती काहीतरी तिसरीच निघाली. श्वास सगळा बाहेर गेला आणि मग आपोआप नवा आत आला, आणि हात चालायला लागले. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की मी पाण्यात हसत होते आणि नाकातोंडात पाणी जात होतं. वाटेत रामा भेटला. तो अलीकडं चाललेला, मी पलीकडं. तो एवढंच म्हणाला, "मंगे, येडी झालीस का बे?" मुलांमुलांत बोलतात तसं, 'बे' लावून. मला ते आवडलं.

खांडाच्या कडेनं वळसा घालून मी पुढाऱ्यापर्यंत पोचले आणि त्याचं शिंग धरलं. त्याचे डोळे पांढरे झाले होते. त्याचं तोंड मी टेकाडाकडं फिरवलं आणि हाक सोडली. तो ऐकेना. मागून एवढ्या हाका येत होत्या की माझी त्याला वेगळी कळतच नव्हती.

तेवढ्यात काठावरून आप्पांचा आवाज आला. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना त्याआधीही कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही, आणि आमच्या घराच्या मानानं हे म्हणजे बरंच झालं.

"गप बसा समदे. कुनी हाक मारायची न्हाई."

नाना काहीतरी म्हणाले असावेत, कारण आप्पा पुन्हा ओरडले, "तूबी गप, नाना. ती पुढं झालीय. तिचीच हाक ऱ्हाऊ द्या."

काठ गप झाला. कुत्र्यांनासुद्धा कुणीतरी दाबून धरलं असावं. नुसतं वारं आणि मेंढरांची फुसफुस. मी शिंग सोडलं, पुढाऱ्याच्या पुढं गेले आणि हाक सोडली. टेकाडावर आपटून ती परत आली. मी ती पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या कुणाची तरी, मोठ्या बाईची वाटावी अशी. पुन्हा सोडली. मागं घाटी वाजली. एकदा. मग पाण्यात बुडाल्यासारखा तिचा गुडगुड आवाज यायला लागला, आणि तो माझ्या पायांमागं राहिला.

नियम मला माहीत होता. वळून बघायचं नाही. पण पुढारी एकटाच येतोय की बाकीची येत आहेत, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. मान आपोआप वळायला लागायची. मी ती धरून ठेवली. डोळे टेकाडावरच्या एका बोरीवर ठेवले. हाक सोडायची, तीन-चार हात मारायचे, कान लावायचे. घाटी. पुन्हा हाक. मग घाटीच्या मागं एक फुसफुस आली. मग दोन-तीन. मग इतक्या, की भर पावसात पत्र्याखाली बसल्यावर थेंब वेगळे ऐकू येत नाहीत तसं झालं. मला हातपाय आहेत की नाहीत हे कळत नव्हतं, पण छाती अशी फुगली होती की आणखी दोन तळी मागं टाकली असती. पायाला मुरूम लागला. मी बाहेर आले, चार पावलं चालले, बोरीला हात लावला आणि मगच वळले.

खांड पाण्यातून वर येत होतं. निळीचे, गेरूचे, सगळे एकत्र. चिंब झालेल्या लोकरीनं पोटं जमिनीला टेकत होती आणि प्रत्येक मेंढरू अंग झाडत होतं, त्यामुळं त्या टेकाडावर ऊन आणि पाण्याची धूळ असा नुसता धुरळा उडाला होता. एक म्हातारी मेंढी बुडाली. निळीच्या ठिपक्याची, नानांची. बाकीची सगळी आली.

थरथर सुटली ती नंतर. मेंढरांच्या मध्ये उभी होते तोवर काही नाही, आणि माय बांधावरून धावत वळसा घालून आली तेव्हा माझे गुडघे असे हलत होते की मला बसताही येईना. मायनं पहिली एक चापट मारली. मग घोंगडं गुंडाळलं. पाठोपाठ आलेल्या नानांनी काट्याकुट्या गोळा करून जाळ केला, तिकडं मी निघाले तर तिनं दंड धरून मागं ओढलं. "आधी आतून, मग भाईरून," ती म्हणाली आणि माडग्याचा तांब्या तोंडाला लावला. गारठलेल्या माणसाला एकदम जाळाजवळ नेलं की त्याला भोवळ येते हे तिला ठाऊक होतं. बंदरावरच्या बायकाही पाण्यातून आल्यावर लगेच गरम पाणी अंगावर घेऊ देत नाहीत. आधी कोरडे कपडे आणि काहीतरी गरम प्यायला. त्यांच्याकडं काळ्या फळाचं गोड सरबत असतं. वाईट नाही. लसूण नसतो.

आप्पा सगळ्यांत शेवटी आले, गळ्यात हात घेऊन चालायला त्यांना वेळ लागला. माझ्याकडं बघितलं, परकराच्या ओच्याकडं बघितलं. वाकून एका हातानं तो ओढून पाहिला. सुटला नाही.

"कुनी शिकवलं हे?"

"मीच."

"हं," ते म्हणाले आणि पुढाऱ्याचे पाय तपासायला गेले. संध्याकाळी मेंढरं वाड्यात आल्यावर कातरणाऱ्यांसमोर नाना आप्पांना म्हणाले की पुढच्या साली तुमचा खांदा बरा झालेला असेल, काळजी नाही. आप्पा लोकरीतले काटे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "खांदा होईल बरा. पन पुढं मंगलच हुईल. खांडाला तिची हाक कळलीय आता." काकूनं तोंड वाकडं केलं. रामानं माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा गूळ टाकला. मी तो खाल्ला. लग्न होईपर्यंत दरवर्षी मी पुढं झाले.

पुढं मेंढरं विकली, आप्पा गेले, मी बीडला आले. पोहणं सुटलं ते सुटलंच. मुलीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू घेऊन मी त्या बर्फाच्या गावात गेले तेव्हा माझ्या डोक्यात बाळ आणि लाडू याशिवाय काही नव्हतं. पण बाळ सारखं झोपायचं, जावई सगळी कामं स्वतःच करायचा आणि घराच्या खिडकीतून रोज सकाळी टोप्या घातलेल्या बायका समुद्रात शिरताना दिसायच्या. किती दिवस नुसतं बघणार?

तिथून निघायच्या आधीच्या रविवारी बंदरावर नवी माणसं आली होती, पहिल्यांदाच उतरणारी. धक्क्यावर उभी राहून पाण्याकडं अशी बघत होती की मला आमचा अलीकडचा चिखलाचा काठच आठवला. इंग्रिडबाई माझ्याजवळ आल्या आणि पाण्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. मुलगी बाळाला कवटाळून धक्क्यावर उभी होती. "आई, त्या म्हणतात, आज तुम्ही पुढं व्हा."

मुलीनं शब्द तोच वापरला. कुठून तो तिला आठवला, मी विचारलं नाही. मी तिला म्हटलं, "त्या नव्या माणसांना सांग, हापकायला झालं की माझ्यासारखं ओरडायचं, लाजायचं नाही. आणि माझ्यावर नजर ठेवायची."

पायऱ्या उतरले. गुडघे, कंबर, छाती. ते पाणीसुद्धा म्हणालं, दम आत ओढ. मी हाक सोडली. बंदराच्या पलीकडं काळा डोंगर आहे, तिथून ती परत आली. डोंगराच्या पायथ्याशी तिकडची जाड मेंढरं चरत होती, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी पाण्यावर तरंगणाऱ्या लाल खुणेच्या दिशेनं हात मारायला लागले. मागं काही नाही. फक्त वारं. मान वळायला लागली, मी ती धरून ठेवली. पुन्हा हाक सोडली. मग मागून एक बाईचा आवाज आला, अर्धवट, तुटका, पण बाहेर सोडलेला. मग एका पुरुषाचा, बेसूर. मग दोघातिघांचा एकदम, आणि त्यामागं फुसफुस, फुसफुस, नाकातोंडातून पाणी उडवणारी. मी वळले नाही. खूण हाताला लागेपर्यंत हाक सोडत राहिले.